मान सरळ करा

गावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. तालुका आर्वी, जिल्हा वर्धा. पीक विमा, सातबारा, जातीचा दाखला आणि पासपोर्ट फोटो. "काका, मान सरळ करा" हे वाक्य दिवसातून कितीदा तोंडातून निघतं, त्याची गणती नाही.

मुलगा अडीच महिन्यांचा झाला तेव्हा हौसेनं त्याचाही फोटो काढायला घेतला. पांढऱ्या चादरीवर ठेवला आणि वरून कॅमेरा धरला. मान काही सरळ होईना. मी सरळ केली की तो परत वळवायचा. पाच-सहा फोटो काढले, सगळ्यांत डोकं डाव्या खांद्याकडे कललेलं आणि तोंड उजवीकडे. मग बायकोनं त्याला उभं धरलं आणि मी टाळूच्या वरून एक काढला. कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला, तर मागची उजवी बाजू पोळपाटासारखी सपाट. उजवा कान डाव्यापेक्षा पुढं सरकलेला. रोज कडेवर घेतो, पण वरून पाहिलंच नव्हतं.

आई म्हणाली, "तुयं डोकंबी असंच होतं, होते आपोआप गोल." न्हाऊ घालायला येणारी बाई म्हणाली, "मी दाबून देतो नं रोज थोडं थोडं." आईनं अर्धा किलो मोहरी आणून उशी शिवली. ज्या दवाखान्यात पहिल्यांदा दाखवलं तिथं डोक्याला हातही न लावता "वाढेल तसं भरून येईल" असं सांगून पाठवलं. आम्हालाही तेच ऐकायचं होतं. महिना गेला. साडेतीन महिन्यांच्या लसीला नेलं तेव्हा नर्सबाईंनी मान फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, याला वर्ध्याला दाखवा, उद्याच.

वर्ध्याच्या बालरोगतज्ज्ञ मॅडमनी आधी बोटांनी कवटीच्या शिवणी, म्हणजे हाडांमधले सांधे, चाचपल्या. शिवणी वेळेआधी जुळल्या असत्या तर ऑपरेशनचा विषय निघाला असता. सपाट बाजूचा कान पुढं सरकलाय, ही खरं तर बरी खूण, असं त्या म्हणाल्या. मागची शिवण जुळलेली असेल तर कान बहुधा मागं ओढला जातो. मी त्याच कानाकडे पाहून आठ रात्री काढल्या होत्या.

मूळ दुखणं मानेत होतं. कानामागून छातीच्या हाडापर्यंत येणारा डावा स्नायू आखडलेला. त्यामुळे तोंड कायम उजवीकडे आणि भार कायम एकाच जागी. या वयात डोकं झपाट्यानं वाढतं. टेकलेल्या जागी वाढायला वाव मिळाला नाही की वाढ दुसरीकडे सरकते. न्हाऊवाल्या बाईचं दाबणं त्या दिवशी बंद झालं, आणि उशीही. झोपवायचं पाठीवरच, उशी अजिबात नको, मोहरीचीही नको, गुदमरण्याचा धोका. पाठीवर झोपवण्याची मोहीम अमेरिकेत १९९४ साली सुरू झाली, झोपेत दगावणारी बाळं त्यानं कमी झाली, आणि सपाट डोकी मात्र वाढली, हेही त्यांनीच सांगितलं. तो जागा असताना मात्र जमेल तितका वेळ पालथा घालायचा.

मानेचे व्यायाम दर लंगोट बदलताना: उजवा कान उजव्या खांद्याकडे, मग हनुवटी डावीकडे. तो असा रडायचा की शेजारची माणसं डोकावून जायची. बायको करायची आणि मी खुळखुळा घेऊन डाव्या बाजूला उभा.

पाळण्याचं वेगळंच. उजेड दाराचा, आणि दार त्याच्या उजव्या हाताला. तो दिवसभर दाराकडेच बघणार ना! सोपा उपाय म्हणजे पाळण्यातली त्याची दिशा उलटी करायची. केली, तर डोकं आलं उत्तरेला. आई उठून उभी राहिली. "उत्तरेले डोकं मेलेल्या माणसाचं राह्यते, मायं नातू नाही झोपत तिकडे." दोन दिवस घरात कोणी धड बोललं नाही. शेवटी आढ्याचा हूकच बदलला आणि पाळणा पूर्व-पश्चिम टांगला. एक दिवस डोकं पूर्वेला, एक दिवस पश्चिमेला. हूक बदलायला सुतारानं पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

साडेपाच महिन्यांपर्यंत मान बरीच सुटली. डोकं थोडंच सुधारलं. नागपूरला कॅलिपरनं, म्हणजे मापाच्या चिमट्यानं, डोक्याचं तिरपं माप घेतलं: एका तिरप्या रेषेवर १४७ मिलिमीटर, दुसरीवर १३३. चौदाचा फरक म्हणजे जास्तीतला. तिथं पहिल्यांदा डोक्याला आकार देणाऱ्या हेल्मेटचा शब्द निघाला.

डॉक्टरांनी गळ घातली नाही, हे मला आवडलं. नेदरलँड्समध्ये ८४ बाळांवर एक चाचणी झाली, २०१४ साली छापून आली. निम्म्यांना हेल्मेट दिलं, निम्म्यांना नाही, आणि दोन वर्षांचे झाल्यावर दोन्ही गटांत जवळपास फरक नव्हता. हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. पण मान आखडलेली बाळं त्या चाचणीत घेतलीच नव्हती, हेही सांगितलं. मेंदूला काही धोका नाही, प्रश्न आकाराचा आहे, निर्णय तुमचा. मात्र घ्यायचा तर आत्ताच, कारण वाढीचा जोर वर्षाच्या आत असतो आणि मार्चनंतर आपल्याकडे काय होतं ते तुम्ही जाणता.

परतीच्या एसटीत बाजारगाव, कोंढाळी, कारंजा मागं पडेपर्यंत आम्ही बोललो नाही. तळेगावला बायको म्हणाली, "करू." यंदाची तूर त्यात गेली.

डोक्याचं स्कॅनिंग झालं आणि त्यावरून हेल्मेट बनलं. बाहेरून कडक प्लास्टिक, आतून फोम. ते दाबत नाही. फुगलेल्या बाजूला नुसतं टेकतं आणि सपाट बाजूला जागा मोकळी सोडतं, डोकं त्या मोकळ्या जागेत वाढतं. सुरुवातीला तासभर घालायचं, तासभर काढायचं, असं करत आठवड्यात दिवसाचे २३ तास. उरलेल्या तासात आंघोळ, व्यायाम, हेल्मेट पुसणं. काढल्यावर लाल डाग तासाभरात गेला नाही तर फोन करायचा. दर दोन आठवड्यांनी नागपूर, तिथं आतला फोम थोडा खरवडून मिळायचा.

वास! याबद्दल आम्हाला कोणी बोललंच नव्हतं. आंबलेल्या ताकासारखा, घरभर.

आईनं पहिल्याच दिवशी हेल्मेटलाच काजळाची तीट लावली. पारावरचे आबाजी म्हणाले, "काऊन बे, पोट्ट्याले आत्तापासूनच गाडी शिकवून राहिला का?" मी हसलो. माझ्याकडे स्वतःच्या मोटारसायकलसाठी हेल्मेट नव्हतं, हे बायकोनं त्याच रात्री ऐकवलं, आणि घ्यायला लावलं. तिचं मात्र हसण्यावारी जात नव्हतं. लग्नसराईत प्रत्येक मांडवात तेच: ऑपरेशन झालं का, पडला का, आणि हळूच, "मायनं एकाच कुशीवर टाकला असन." दोन लग्नांनंतर ती गेलीच नाही. मी एकटाच आहेर घेऊन जायचो. आज वाटतं, तेव्हा मीही जायला नको होतं.

एप्रिल-मे बद्दल काय लिहू. पारा पंचेचाळीसकडे, दुपारी लाइट जाणार, कूलर बंद. घामोळ्यांनी कपाळ भरलं. नागपूरला विचारलं, तर भर दुपारी लाइट नसेल तेव्हा काढा, ओल्या फडक्यानं पुसा, ताप आला तर पूर्ण काढा, असं सांगितलं. आमचे २३ तास मे महिन्यात क्वचितच भरले. संध्याकाळी अंगणात बाजेवर तो हेल्मेटसकट खाली लोळायचा आणि खट्‌ आवाज आला की स्वतःच दचकायचा.

मेच्या शेवटी माप घेतलं, फरक ५ मिलिमीटर. हेल्मेट थांबवलं. त्यातलं हेल्मेटनं किती केलं, व्यायामानं किती आणि वाढीनं किती, हे मला अजून सांगता येत नाही. दुकानात सगळे फोटो तारखेप्रमाणे ठेवले आहेत, ओळीनं पाहिले की फरक दिसतो, कारण दिसत नाही.

गेल्या महिन्यात गल्लीतली एक मावशी आली. नातू दोन महिन्यांचा. "तुमच्या पोट्ट्याची टोपी पडूनच हाये, आमाले द्या नं." ती ज्याच्या मापाची त्याचीच, दुसऱ्याला चालत नाही, हे समजावलं. नातवाला घेऊन यायला सांगितलं. पांढऱ्या चादरीवर ठेवून वरून फोटो काढला. मान थोडी एकीकडेच होती. वर्ध्याच्या मॅडमचा नंबर लिहून दिला आणि तोवर पाळणा फिरवा म्हटलं.

आतून आई ओरडली, "उत्तरेले नाही, म्हणा!" ती मोहरीची उशी उसवत बसली होती, फोडणीसाठी.