सतराचा पीक

पवईतल्या आमच्या मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या (रेणूंना विद्युतभार देऊन त्यांचं वस्तुमान मोजण्याच्या) खोलीत एमएस्सीच्या प्रोजेक्टला आलेल्या एका मुलाने जुलैत जो वाद घातला, तो मला मनापासून आवडला.

कमी दाबाच्या मिथेनवर ७० इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचा मारा केला की पडद्यावर १६ आणि १५ या वस्तुमानांचे दोन पीक, म्हणजे आलेखातले सुळके, जवळजवळ सारख्या उंचीचे दिसतात: अख्खा मिथेन आणि एक हायड्रोजन गमावलेला. आम्ही आयन सोर्समधला, म्हणजे जिथे रेणूंचे विद्युतभारित कण (आयन) बनतात त्या कप्प्यातला, दाब वाढवून १ टॉरच्या आसपास नेला. दोन्ही पीक खचले आणि १७ व २९ हे नवे पीक उंचावू लागले.

"मॅडम, १७ म्हणजे पाण्याचाच तुकडा. पावसाळा आहे, ओल आत गेली असणार. कार्बनला पाच हायड्रोजन कसे लागतील?"

शंका रास्त होती. या दिवसांत गॅसच्या नळीत ओल राहतेच. ती १९वर, म्हणजे एक प्रोटॉन जास्त घेतलेल्या पाण्याच्या जागी, दिसतही होती. पण १७ पाण्याचा असता तर १८ त्याहून उंच हवा होता, आणि तो जेमतेम होता. तरी तोंडी पटवून भागवायचं नव्हतं. कपाटात ड्युटेरियमच्या (जड हायड्रोजनच्या) मिथेनची छोटी बाटली होती, महाग म्हणून जपून ठेवलेली. ती जोडली.

१७चा पीक २२वर गेला, २९चा ३४वर. हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम आला की दर अणूमागे वस्तुमान एकाने वाढतं. दोन्हीकडे पाचनेच वाढलं.

"म्हणजे खरंच पाच?" तो म्हणाला, आणि मग प्रश्नांवर प्रश्न.

मिथेनचा आयन दुसऱ्या मिथेनवर आदळला की सीएच-५ आयन, म्हणजे एका कार्बनला पाच हायड्रोजन, तयार होतो. तालरोझे आणि ल्युबिमोवा यांनी हे १९५२ साली दाखवलं. कार्बनभोवती इलेक्ट्रॉन आठच राहतात, पाच हायड्रोजन ते वाटून घेतात आणि सतत जागा बदलत राहतात. २९चा मार्ग वेगळा: सीएच-३ आयन मिथेनला चिकटतो, हायड्रोजनचा रेणू निघून जातो, दोन कार्बन जोडलेले उरतात. आयनच मिथेनला ओढून घेतो, त्यामुळे जवळपास प्रत्येक टक्कर फळते, उष्णता द्यावी लागत नाही. शनीच्या टायटन या गोठलेल्या उपग्रहाच्या वरच्या वातावरणातही हीच जोडणी चालते. मला हे दरवेळी विलक्षण वाटतं.

दुपारी ज्यासाठी मिथेन सोडला होता तो लांब साखळीचा एस्टर आत घातला. साध्या माऱ्यात त्याचे तुकडेच मिळत होते, पूर्ण रेणूचा पीक जवळपास नव्हता. आता १७ आणि २९ या दोघांनी त्याला अलगद प्रोटॉन दिला आणि रेणूभाराहून एक जास्त असा पीक सगळ्यांत उंच आला. मुलाने स्वतःच रेणूभार काढला, बरोबर होता.