कमरेचा पट्टा, कमरेचा रुमाल

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिण्याचे आमंत्रण मिळाले, तेव्हा वर्ग आणि बक्षीस समारंभ यांच्या आधी मला आठवले ते शाळेच्या मागच्या बाजूचे शहाबादी फरशीचे दालन, जिथे आठवड्यातून तीन संध्याकाळी कराटेचा वर्ग भरत असे. साताऱ्यात तेव्हा तालमीत जाणारी मुले पुष्कळ होती, कराटे शिकणारी थोडी, आणि त्या थोड्यांत ख्रिस्ती घरातला मी एकटाच होतो.

पहिल्याच आठवड्यात आमच्या घरी प्रश्न उभा राहिला तो नमनाचा. वर्ग सुरू होताना आणि संपताना सरांसमोर, तसेच प्रत्येक लढतीआधी समोरच्या मुलासमोर कमरेतून वाकायचे असते. त्याला ‘रेई’ म्हणतात. आजीला ते पटेना. “वाकायचं ते देवापुढं, माणसापुढं कशाला?” असे तिने विचारले आणि वडिलांनी तिचा प्रश्न पाळकसाहेबांकडे नेला. त्यांनी पवित्र शास्त्रातील उत्पत्तीचा 23वा अध्याय काढून वाचला. सारेला पुरण्यासाठी जागा मागताना अब्राहाम उठून हेथी लोकांना नमन करतो. तो त्यांची उपासना करत नव्हता, त्यांचा मान राखत होता, असे पाळकसाहेबांनी समजावले आणि आजी राजी झाली. सरांनी त्यात आपली भर घातली. 1922 साली ओकिनावाहून तोक्योला जाऊन ज्यांनी ही विद्या जपानपुढे मांडली, ते गिचिन फुनाकोशी पेशाने शाळामास्तरच होते आणि कराटेचा आरंभही नमनाने व शेवटही नमनाने, हे त्यांच्या 20 सूत्रांतले पहिलेच सूत्र आहे, असे त्यांनी सांगितले.

परवानगी मिळाली आणि मी वाकू लागलो. पण ज्यासाठी एवढा खल झाला होता, ते माझ्या आत उतरले नव्हते.

नववीत मला तपकिरी, म्हणजे काळ्याच्या आधीचा, पट्टा मिळाला. वर्गाआधी फरशी पुसण्याचे काम मी त्याच आठवड्यात लहान मुलांवर सोडले. पहाटे अजिंक्यताऱ्याच्या चढावर धावताना मागे पडलेल्यांसाठी मी थांबेनासा झालो. त्या नाताळात चर्चच्या मंडळीच्या कार्यक्रमात मी मंगलोरी कौले रचून एका फटक्यात फोडली. टाळ्या पडल्या, तेव्हा “सर्व गौरव देवाला” असे मी माइकवर म्हणालो आणि म्हणता म्हणता पुढच्या रांगेतले कोण कोण माझ्याकडे पाहत आहे, हेही पाहून घेतले. कौले फोडण्यात काही वाईट नव्हते. वाईट होते ते हे, की देवाचे नाव घेऊन मी स्वतःसाठी आणखी टाळ्या मागत होतो आणि ते त्या क्षणी मला कळतही होते. गर्वाचे हे रूप मला आजही सर्वांत भयंकर वाटते, कारण ते प्रार्थनेच्या भाषेत बोलते आणि म्हणून कोणी त्याला हटकत नाही.

पुढच्या फेब्रुवारीत सातवीतल्या एका मुलाशी माझी सरावाची लढत लागली. त्याचा एक ठोसा मला लागला, सगळ्यांसमोर लागला, आणि सरांनी “यामे”, म्हणजे थांबा, असे म्हटल्यानंतर मी हात सोडला. त्याचा ओठ फाटला आणि दोन टाके पडले. पांढऱ्या ड्रेसवर पडलेले रक्त त्याने स्वतःच्याच बाहीने पुसले आणि नियमाप्रमाणे माझ्यासमोर वाकून नमन केले. मी मात्र ताठ उभा होतो.

वडील मला त्याच संध्याकाळी शनिवार पेठेत त्या मुलाच्या घरी घेऊन गेले. मी माफी मागितली. त्याच्या आईने चहा केला आणि कप हातात देताना विचारले, “बाळा, तुझा हात तर नाही ना दुखावला?” त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

सर रागावले नाहीत. टाके निघाल्यावर त्यांनी ठोसे झेलायचे रेक्झिनचे एक जुने पॅड माझ्या हाती दिले आणि सांगितले, की वर्ष संपेपर्यंत मी त्या मुलासाठी पॅड धरायचे, स्वतः ठोसा मारायचा नाही. पॅड धरणे हे हलके काम आहे असा माझा समज होता. हात सैल ठेवला तर मारणाऱ्याचे मनगट मुरगळते; फार कडक ठेवला तर धक्का त्याच्या खांद्यात जातो; ठोसा पोहोचतो त्याच क्षणी तळवा दोन बोटे पुढे न्यावा लागतो, म्हणजे त्याला आपली ताकद कळते. सगळे लक्ष समोरच्यावर ठेवावे लागते. सुरुवातीला तो मुलगा मला बिचकून हळूच मारायचा. “जोरात मार,” असे मी सांगायचो आणि ते मनापासून सांगायला मला कित्येक दिवस लागले.

त्याच काळात उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या रात्री घरच्या प्रार्थनेत योहानाचा 13वा अध्याय वाचायची पाळी माझी होती. येशूने भोजनावरून उठून बाह्यवस्त्रे काढून ठेवली आणि रुमाल घेऊन कमरेला बांधला, या ओळीवर माझा आवाज थांबला. कमरेला काय बांधले आहे यावर माझे सारे मोठेपण उभे होते, आणि ज्याला सर्व अधिकार होता त्याने कमरेला बांधला तो पाय पुसायचा रुमाल. आजीने पुस्तक माझ्या हातून घेतले आणि उरलेला अध्याय तिने वाचला.

सर कराडकडचे. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमधून कांस्यपदक आणल्यावर कुस्त्यांचे फड भरवून आपल्याला मदत करणाऱ्यांची देणी फेडली, ही गोष्ट ते अनेकदा सांगत. मला ती पॅड हातात असतानाच खरी समजली.

आज मी साताऱ्यातच मुलांना शिकवतो. मुलाला काळा पट्टा किती महिन्यांत मिळेल, असे पालक विचारतात, तेव्हा मी आधी त्या मुलाच्या हाती पॅड देतो. माझा गर्व गेला असे मी लिहिणार नाही. माझा विद्यार्थी जिंकला की तो गर्व परत येतो आणि मला त्या रात्री त्याचे नाव घेऊन प्रार्थना करावी लागते.

दहावीच्या परीक्षेआधीच्या शेवटच्या संध्याकाळी मी पॅड हातात चढवले आणि तो मुलगा वाकण्याआधी मी वाकलो. तो किंचित थबकला, मग त्यानेही नमन केले, आणि वर्षभरात पहिल्यांदाच सारी ताकद लावून त्याने ठोसा मारला. घरी जाताना राजवाड्याजवळच्या उतारावर मला सायकलचा डावा ब्रेक दाबता येईना, म्हणून मी खाली उतरलो आणि सायकल हाताने ढकलत घरापर्यंत नेली.