अगत्ती: चूराचं पोट आणि लगूनमधला चारा

कोचीहून छोट्या विमानाने दीडेक तासात लक्षद्वीपमधलं अगत्ती बेट, त्याआधी परमिटची कटकट, विमानातून लगूनचा (बेटालगतच्या, प्रवाळाच्या कडेआतल्या उथळ पाण्याचा) रंग दिसला की सगळे खिडक्यांना चिकटतात, हे तुम्ही इतर ठिकाणी वाचलंच असेल म्हणून सोडून देते. शेजारचं बंगारम बेट, काचेच्या तळाची बोट, स्कूबा, सगळं झालं आणि छान झालं. पण मला लिहायचंय ते टूनाच्या बोटीबद्दल.

होमस्टेच्या मालकांनी ओळखीच्या बोटीवर आमची सोय करून दिली, त्यांचा पुतण्या भाषेसाठी सोबत आला. निघाल्यावर लगेच बाहेरच्या समुद्रात जात नाहीत. आधी लगूनच्या उथळ पाण्यात जाळं लावून चाऱ्यासाठी बोटाएवढे चंदेरी मासे धरतात, त्याला तिथे चाला म्हणतात, आणि ते बोटीतल्या टाकीत जिवंत ठेवतात. टाकीत समुद्राचं पाणी सारखं खेळतं असतं, कारण चाला मेला तर दिवस गेला. चाला मिळालाच नाही तर बोट बाहेर पडतच नाही.

मग प्रवाळाची कड ओलांडून बाहेर. तांडेलाची नजर पाण्यावर कमी आणि आभाळात जास्त, कारण पाखरं कुठे गोळा होतायत त्यावरून चूराचा थवा कळतो (स्किपजॅक टूनाला तिथे चूरा म्हणतात). खालून चूरा छोट्या माशांना पृष्ठभागाकडे रेटतो आणि वरून पाखरं त्यांच्यावर तुटून पडतात. थवा सापडला की एकजण मूठमूठ चाला फेकतो, दुसरे पाणी उडवत राहतात म्हणजे चूराला वाटतं वर छोट्या माशांची झुंड उसळतेय, आणि बोटीच्या मागच्या टोकाला काठ्या घेऊन माणसं उभी. गळाला आमिष नाही, उलटा काटाही नाही, नुसता चकचकीत गळ. मासा लागला की झटक्यात डोक्यावरून मागे, फळीवर पडताना आपोआप सुटतो, काठी परत पाण्यात. बघताबघता पायाखाली मासेच मासे आणि त्यांच्या शेपट्यांनी अख्खी फळी थरथरत होती.

आणि मग एकदम बंद.

चाला फेकतायत, पाणी उडतंय, खाली काळपट पाठी स्पष्ट दिसतायत, पण गळाकडे एक मासा फिरकेना. मी पुतण्याला विचारलं काय झालं, त्याने तांडेलाला विचारलं, तांडेल पोटावर हात फिरवून हसले. पोट भरलं! मला ते इतकं आवडलं म्हणून सांगू. परत आल्यावर वाचत बसले तर टाकीत ठेवलेल्या स्किपजॅकवर 1960 च्या दशकातच प्रयोग झालेत, तो दिवसाला स्वतःच्या वजनाच्या साधारण 15 टक्के खाऊ शकतो आणि भरलेलं पोट 12 तासांत जवळपास रिकामं होतं. म्हणजे भूक थोड्याच वेळात परत हजर. त्याला थांबता येतच नाही ना, तोंड उघडं ठेवून पुढे पोहत राहिलं तरच कल्ल्यांना पाणी मिळतं, पोटात हवेची पिशवी नाही म्हणून थांबला तर बुडणार, शिवाय स्नायू आजूबाजूच्या पाण्यापेक्षा गरम. एवढा खर्च भागवायचा तोही कुठे, तर त्या सुंदर निळ्या पाण्यात, जे इतकं निळं आहे कारण त्यात प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव), म्हणजे खाणं, कमी आहे. खाणं तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं, म्हणून हा मासा सतत प्रवासात.

किनाऱ्यावर मासे कापताना मी पोटं बघू द्या म्हणून मागे लागले आणि त्यांनी न कंटाळता दाखवली. एकात सकाळचाच चाला अख्खा, त्याखाली अर्धवट पचलेला लगदा आणि माकुलीचा तुकडा. दुसऱ्यात झिंग्यासारखी पारदर्शक बारकी पिल्लं. चूरा चोखंदळ नाही, दिवसाउजेडी डोळ्यांना दिसेल आणि तोंडात मावेल ते खातो, प्रसंगी स्वतःच्या जातीची पिल्लंसुद्धा. यलोफिन टूना मोठा, त्याच्या पोटात आपल्या अरबी समुद्रात माकुलं आणि खुल्या पाण्यात पोहणारे खेकडे भरपूर सापडतात. बिगआय टूना तर दिवसा शेकडो मीटर खाली जातो, कारण त्याचं खाणं दिवसा खोल असतं आणि रात्री वर येतं.

कापलेले मासे उकळून, धूर देऊन, उन्हात वाळवून मास करतात. आमच्या घरी कुपा (म्हणजे टूनाच) आवडीने खातात, पण खोबऱ्यासोबतची ती मासची चटणी मला त्याहून आवडली, आणि ती वाढणाऱ्या काकूंनी ताट रिकामं राहू दिलं नाही.

आता तक्रार. दुसऱ्या दिवशी स्नॉर्कलिंगला आमच्यासोबत एक मोठा ग्रुप होता आणि गाईड स्वतःच त्यांना प्रवाळावर उभं राहून फोटो काढायला सांगत होता. मी बोलले तर उत्तर आलं की हा मेलेलाच आहे. काही मेलेला होताही, 1998, 2010 आणि 2016 च्या गरम पाण्याने इथलं बरंच प्रवाळ पांढरं पडून मेलंय. पण जे उरलंय त्याच फांद्यांमध्ये चालाच्या काही जाती दिवसभर लपून असतात, हे गाईडला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार, त्याच्या गावातल्याच बोटी त्यावर चालतात. त्या ग्रुपमधल्या एका मुलीला मी कालच्या टाकीतल्या माशांचा व्हिडिओ दाखवला तेव्हा ती खाली उतरली, बाकीचे नाही उतरले. मी तिथून लांब जाऊन पोहत राहिले, राग मात्र जेवणापर्यंत गेला नाही. तुम्ही गेलात तर बुकिंग करतानाच विचारा, प्रवाळावर उभं करणार का, आणि हो म्हणाले तर दुसरा गाईड बघा.