एका मताने मागे

२९ सप्टेंबर २०२१. टोकियोतली करोनाची आणीबाणी उठायला एक दिवस बाकी होता. ऑफिस ओस पडलेलं. आलो होतो ते मोजके लोक, तेही कागदांवर शिक्के मारायला. गंमत म्हणजे आमच्या टीमचं काम हेच शिक्के हद्दपार करायचं! मंजुरीचे कागद सिस्टिमवर आणायचे.

वर्षभरापूर्वी प्रशासकीय सुधारणा मंत्री तारो कोनो यांनी सगळ्या मंत्रालयांना शिक्के बंद करायला सांगितलं आणि आमच्या फोनला उत्तरं मिळायला लागली. त्यामुळे ते सत्ताधारी पक्षाच्या अध्यक्षपदाला, म्हणजेच पंतप्रधानपदाला, उभे राहिले तेव्हा माझा जीव त्यांच्यात अडकलेला. परराष्ट्र आणि संरक्षण खाती सांभाळलेला, लसीकरण चालवणारा, ट्विटरवर लोकांना थेट उत्तरं देणारा माणूस. हरेल कसा?

दुपारी पहिल्या फेरीचा निकाल आला. प्रतिस्पर्धी फुमियो किशिदा २५६, कोनो २५५. मी ओरडलोच. आमचे काचो, म्हणजे विभागप्रमुख, शांत. "कुलकर्णी-सान, खासदारांचे आकडे बघा."

पक्षसदस्यांच्या मतांत कोनो १६९, किशिदा ११०. खासदारांत मात्र कोनोंना अवघी ८६. आणखी एक उमेदवार साने ताकाइची, त्यांच्याही मागे, तिसरे. बहुमत कोणालाच नाही, म्हणून दुसरी फेरी. तिच्यात खासदारांचंच पारडं जड, कारण ४७ प्रांतांना प्रत्येकी एकच मत. त्यातली ३९ कोनोंनी जिंकली आणि तरीही २५७ विरुद्ध १७० असे हरले.

"वडिलांचंही असंच," काचो म्हणाले. योहेई कोनो पक्षाध्यक्ष झाले, पंतप्रधानपद हुकलं. २००२ मध्ये मुलाने त्यांना स्वतःच्या यकृताचा भाग दिला होता, हेही मला काचोंकडूनच कळलं. मला वाटतं, अधिकाऱ्यांना झापणारा आणि अणुऊर्जेवर पक्षाला टोचून बोलणारा माणूस लोकांना भावतो. शेजारच्या बाकावरच्या खासदाराला तो नकोसा असतो.

आमचा प्रकल्प काही थांबला नाही. कोनो २०२२ मध्ये डिजिटल मंत्री झाले, फ्लॉपीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि २०२४ च्या जूनपर्यंत हजारावर नियमांतली तिची अट काढून टाकली. पण आरोग्यविम्याचं कार्ड ओळखपत्रात विलीन करायचा त्यांचा हट्ट लोकांना रुचला नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते पुन्हा उभे राहिले. नऊ जणांत आठवे. खासदारांची २२ मतं, आणि ज्यांच्या जिवावर मी तेव्हा ओरडलो होतो त्या पक्षसदस्यांची फक्त ८.