तक्रारपेटीची किल्ली
आमच्या संस्थेत मुलांसाठी तक्रारपेटी होती, पण किल्ली संचालकांच्याच खणात. एका मुलीने चिठ्ठी टाकली. चौकोनी घडी, पेन्सिलने खोडून पुन्हा लिहिलेली दोन वाक्यं. ती वाचली आरोप असलेल्या कार्यकर्त्याच्याच मित्राने! ‘घरातलं घरात मिटवू’ म्हणाले आणि विषय संपला. मीही गप्प बसले, ती बोच जात नाही.

मुलांना सांभाळणाऱ्या संस्थांवर सक्षम देखरेख हवी, हे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातल्या तिसऱ्या कलमातच आहे. म्हणून माझा हट्ट एकच: किल्ली बाहेरच्या माणसाकडे द्या. त्याचा पगार, मैत्री, मानपान आमच्यावर अवलंबून नको, आणि आम्हाला न विचारता त्याला थेट पोलिसांकडे जाता यायला हवं. पुढच्या बैठकीसाठी हा विषय मी लेखी दिलाय, पहिल्या क्रमांकावर.