लेकीच्या जबड्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन : जाऊन आल्यावर

लहान मुलांच्या संधिवातात गुडघा सुजला की घरभर दिसतो. जबड्याचा सांधा मात्र चुगली करत नाही. आमच्या लेकीने कधी दुखतंय म्हटलं नव्हतं. तोंड उघडताना हनुवटी डावीकडे सरकते, हे तपासताना डॉक्टरांना दिसलं आणि कॉन्ट्रास्टचा, म्हणजे सूज उठून दिसावी म्हणून शिरेतून औषध देऊन केलेला, एमआरआय झाला. सुरुवातीची सूज साध्या एक्स-रेत कळत नाही. हाडाचा आकार बिघडल्यावरच काय ते दिसतं.

खालच्या जबड्याची वाढ ज्या भागातून होते तो सांध्याच्या टोकाशीच, पातळ कूर्चेखाली असतो. तिथे सूज रेंगाळली तर हनुवटी मागे राहते किंवा चेहरा एका बाजूला कलतो. म्हणून घाई. पण स्टेरॉइड देताना हात आखडता घेतात तोही याच जागेमुळे. इंजेक्शनं वारंवार दिलेल्या काही मुलांच्या सांध्यात नको तिथे हाड तयार झालेलं आढळलं आहे, आणि वाढ खुंटण्याची शंकाही आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ रूमॅटॉलॉजीच्या २०२१च्या सूचनांत जबड्यासाठी या इंजेक्शनाला जागा आहे, पण वाढत्या वयात जपूनच. तेवढ्याने भागलं नाही तर मेथोट्रेक्सेटसारखी संधिवात आतून आवरणारी औषधं, मग बायोलॉजिक, म्हणजे सूज वाढवणाऱ्या ठरावीक घटकांनाच रोखणारी औषधं. मेथोट्रेक्सेटचा गुण यायला आठवडे लागतात आणि लेकीचं तोंड उघडणं कमी होत चाललं होतं, म्हणून आम्ही हो म्हटलं. तुम्ही आधीच विचारून घ्या: संधिवाताचं मुख्य औषध वाढवून भागेल का? सूज परत आली तर पुढे काय? ‘दर वेळी एक टोचू’ असं उत्तर आलं, तर मी तरी दुसरं मत घेईन.

लहान मुलांना हे बहुधा भूल देऊन करतात. उपाशी कधीपासून ठेवायचं आणि पाणी कधी बंद करायचं, हे लिहून घ्या. भूलतज्ज्ञांना जबडा किती उघडतो, मान वळते का आणि दुधाचा कुठला दात हलतोय, हे न विचारताही सांगा. जबडा लहान आणि मान आखडलेली असेल तर श्वासाची नळी घालणं अवघड जातं.

सुई कानाच्या अगदी पुढे जाते. खरं काम काही मिनिटांचं, बाकी सगळी वाट पाहणं. शुद्धीवर आल्यावर लेकीची डावी भुवई वर जाईना. माझ्या पोटात गोळा आला. चेहऱ्याची नस जवळूनच जाते आणि बधिर करायच्या औषधाने ती काही तास ढिली पडू शकते, असं नर्सबाईंनी समजावलं. संध्याकाळी लेकीने दोन्ही भुवया उडवून दाखवल्या. डोळा नीट मिटत नसेल तर मात्र घरी निघण्यापूर्वी सांगा, बुबुळ कोरडं पडतं.

पुढचे काही दिवस मऊ खाणं, च्युइंगम बंद. ताप आला किंवा सूज-लाली वाढत गेली तर थांबू नका, लगेच फोन करा. टोचलेल्या जागी कातडी फिकट होणं किंवा खळगा पडणं काही आठवड्यांनीही दिसू शकतं.

इंजेक्शनाच्या आधीच एक आकडा लिहून ठेवा: तोंड पूर्ण उघडल्यावर वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. मोजताना जबडा ओढायचा नाही. सोबत समोरून एक फोटो. पुढच्या भेटीत ‘बरं वाटतंय’ यापेक्षा डॉक्टरांना हेच जास्त उपयोगी पडतं.