कांद्याच्या मुळातली गुणसूत्रं

स्पर्धा परीक्षेला मी मानववंशशास्त्र घेतलं, पण माझं शिक्षण सगळं कला शाखेत. कवट्या, दगडी हत्यारं भराभर पाठ झाली. गाडी अडली ती पेशीपाशी. पेशीत डीएनएचे दोरे असतात, ती गुणसूत्रं. चिंपांझीला 48 गुणसूत्रं, माणसाला 46. मग एक जोडी गेली कुठे? नोट्समध्ये एवढंच, ‘दोन गुणसूत्रं जोडली गेली.’ क्लासमध्येही हा भाग तासाभरात गुंडाळला. गंगापूर रोडच्या अभ्यासिकेत ती ओळ कितीदा तरी वाचली, पण गुणसूत्रच डोळ्यांपुढे येईना.

बीएस्सीला असलेली मावसबहीण म्हणाली, “ताई, आधी बघ तरी!”

निफाडच्या मामांच्या कांदाचाळीतला उन्हाळ कांदा आणला. वाळकी मुळं खरवडून, बूड पाण्याला टेकेल असा ग्लासवर ठेवला. तिसऱ्या दिवशी पांढरीशुभ्र मुळं फुटली होती. सकाळी शेंडे कापून अल्कोहोल आणि ॲसेटिक आम्लात दिवसभर ठेवले. पुढचं काम तिच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत, सरांना विचारून. सौम्य आम्लात शेंडे कोमट करायचे, ॲसिटोकार्माइन या लाल रंगाचा थेंब, कव्हरस्लिप, वर टिपकागद आणि अंगठ्याचा सरळ दाब. अंगठा जरा सरकला की पेशी गुंडाळल्या जातात. दोन स्लाइड अशा गेल्या. तिसरीत मी शेंड्याच्या वरचा भाग घेतला होता. विभाजन चालतं ते टोकाच्या दोनेक मिलिमीटरमध्येच.

चौथी जमली. बहुतेक पेशींत नुसतं गोल केंद्रक. एकीत मात्र लालसर दोरे मधोमध रांगेत, म्हणजे विभाजनातली मध्यावस्था! शेजारच्या पेशीत तेच दोन टोकांकडे निघालेले. नीट पसरलेली एक पेशी शोधून मोजले. सोळा. कांद्याची गुणसूत्रं तेवढीच. दोरे एकमेकांवर चढले की मोजणी किती चुकते, तेही कळलं. माणसाचीही कित्येक वर्षं 48च धरत होते. 1956 मध्ये त्यो आणि लेव्हान या शास्त्रज्ञांनी 46 हा आकडा पक्का केला.

मग बहिणीने सांगितलं की या सोळांमध्ये माणसाच्या जवळपास पाचपट डीएनए आहे. तिथे माझी गाठ सुटली. आकडा कमी म्हणजे ऐवज कमी, असं मी धरून बसले होते!

घरी येऊन वहीत दोन गुणसूत्रं शेंड्याला शेंडा जोडून काढली. टेलोमिअर म्हणजे गुणसूत्राच्या टोकांवरच्या टोप्या, एरवी त्या टोकांनाच असतात. आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात मात्र त्यांचे अवशेष मध्येच आहेत, 1991 मध्ये ते दाखवलं गेलं. गुणसूत्रबिंदू, म्हणजे विभाजनात गुणसूत्र जिथून ओढलं जातं ती जागा, एरवी एकच असते; इथे निकामी झालेल्या जादा बिंदूची खूणही आहे. चिंपांझीत ही दोन अजून वेगवेगळीच आहेत.